ऑफिस सुटलं, डोक्यातलं काम सुटेना: अशा वेळी शरीरात काय चालतं?

कामाच्या तासांवरून गेली दोन-तीन वर्षं आपल्याकडे चांगलीच जुंपली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांनी तो आकडा ९० वर नेला आणि घरी बसून बायकोचं तोंड किती वेळ बघणार, असंही वर विचारलं. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांमधली रोजच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर आणि दुकानं-आस्थापनांमधली ९ वरून १० तासांवर न्यायला मंजुरी दिली. लगेच डिसेंबरमध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी कामाची वेळ संपल्यावर ऑफिसचे फोन आणि मेल टाळण्याचा हक्क मागणारं विधेयक लोकसभेत मांडलं. २०१८ मध्येही त्यांनी असं विधेयक मांडलं होतं.

या सगळ्या वादात दोन्ही बाजू मोजतात ते घड्याळाचे तास. शरीराचा हिशेब वेगळा असतो. समजा, सहा वाजता तुम्ही कॉम्प्युटर बंद करून निघालात. पण रात्री जेवायला बसल्यावरही ‘सगळ्यांसमोर साहेब असं का बोलले?’ हे डोक्यात चालूच असेल, तर शरीराच्या दृष्टीने तुमची ड्युटी अजून संपलेली नाही. हजेरीपटावर न दिसणारी ही जादा वेळ तब्येतीला कशी भोवते, ते इथे पाहू.

सगळा विचार सारखा नसतो

इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ मार्क क्रॉपली यांनी या विषयावर बरंच काम केलं आहे. कामावरून घरी आल्यावर माणसाचं मन कामाच्या बाबतीत तीन प्रकारे वागतं, अशी त्यांची मांडणी आहे.

बँकेतल्या एका कॅशियरचं उदाहरण घेऊ. संध्याकाळी रोकड जुळली नाही, पाचशे रुपये कमी आले आणि तिने ते स्वतःच्या पर्समधून भरले. घरी आल्यावर तिच्या मनात असं चालू शकतं: ‘माझ्याच हातून कसं झालं? मॅनेजर काय समजले असतील? शेजारच्या काउंटरवरची ती हसली का?’ पाच मिनिटांनी पुन्हा तेच, पोळ्या लाटताना पुन्हा तेच. याला आपण चर्वितचर्वण म्हणू. यात राग, अपमान किंवा धास्ती गरम असते आणि विचार एक पाऊलही पुढे जात नाही.

किंवा ती असाही विचार करू शकते: ‘दुपारच्या गर्दीत त्या मोठ्या भरण्याच्या वेळी गडबड झाली असणार. उद्यापासून मोठी रक्कम मशीनवर दोनदा मोजायची.’ ही आखणी. हाही घरच्या वेळेत केलेला कामाचाच विचार, पण तो कुठेतरी पोचतो आणि थांबतो.

तिसरी शक्यता म्हणजे सुटका. पाचशे रुपये गेले ते गेले, आता मुलीचं गणित घ्यायचंय.

एकाच संध्याकाळी तिन्ही गोष्टी होऊ शकतात. आखणी करायला बसलेला माणूस न कळत चर्वितचर्वणात घसरतो, हे तर बहुतेकांच्या अनुभवाचं आहे. पण तब्येतीवर बोलायचं तर हा फरक धरून ठेवावा लागतो, कारण त्रासाचा मोठा भाग पहिल्या प्रकाराशी जोडलेला आढळतो.

‘विचारच तर आहे, त्याने शरीराला काय होणार?’

हा सगळ्यात स्वाभाविक आक्षेप. उत्तरासाठी थोडं शरीरशास्त्र.

धोका जाणवला की मेंदू शरीराला सज्ज करतो. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, पचन मागे पडतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक येतं आणि लढायला किंवा पळायला लागणारी साखर रक्तात खेळती ठेवतं. यात वाईट काहीच नाही. रस्ता ओलांडताना अंगावर बस आली तर हीच यंत्रणा जीव वाचवते. अडचण अशी की ती चालू व्हायला बस खरोखर समोर असावी लागत नाही. अपमानाची आठवण किंवा उद्याच्या मीटिंगची धास्तीही तिला पुरते.

जोस ब्रॉस्कॉट, विल्यम गेरिन आणि ज्युलियन थेयर या तीन संशोधकांनी २००६ मध्ये एक मुद्दा ठामपणे मांडला. ताणाचा प्रत्यक्ष प्रसंग बहुतेकदा छोटा असतो. साहेबांची बोलणी खायला दहा मिनिटं लागतात. पण त्याआधीची धास्ती आणि नंतरचं उगाळणं धरलं तर शरीर त्या प्रसंगात कितीतरी तास अडकून राहतं, आणि नुकसानाचा मोठा वाटा या लांबलेल्या वेळेचा असतो. दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, तोवरचे प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. माणूस चिंता किंवा चर्वितचर्वण करत असताना त्याचा रक्तदाब, ठोके आणि कॉर्टिसॉल वाढलेले असतात, हे त्यात दिसलं.

आता सोसायटीच्या पाण्याच्या मोटरचा विचार करा. सकाळी मोटर लावल्याशिवाय गच्चीवरची टाकी भरत नाही, त्यामुळे मोटर चालणं ही तक्रार असूच शकत नाही. तक्रार तेव्हा, जेव्हा टाकी भरून वाहते तरी वॉचमन मोटर बंद करायला विसरतो. एका दिवसाने काही बिघडत नाही. रोज असं झालं तर मोटर तापते, आणि कधीतरी जळते. शरीराचंही तसंच. दिवसभराच्या कामाने थकवा येणं अगदी निरोगी आहे. कामाचा भार उतरला की शरीर ती झीज स्वतः भरून काढतं. भार उतरलाच नाही, तर दुसऱ्या दिवशी माणूस आदल्या दिवसाची शिल्लक घेऊन कामाला लागतो.

आधी झोप जाते

हे नुकसान सगळ्यात आधी झोपेत दिसतं. कॉर्टिसॉल पहाटेपासून चढतं, उठल्यानंतर पाऊण तासाच्या आत शिखरावर जातं आणि दिवसभर उतरत मध्यरात्रीच्या सुमारास तळाला येतं. झोप लागायला हा उतार लागतो. क्रॉपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधल्या शाळाशिक्षकांची लाळ तपासली, तेव्हा घरी कामाचं चर्वितचर्वण करणाऱ्यांचं रात्री दहाचं कॉर्टिसॉल इतरांपेक्षा जास्त निघालं. त्यांनी शिक्षक का निवडले असावेत, हे आपल्याकडच्या कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागणार नाही. शाळा सुटते, पण व्हॉट्सअ‍ॅपवर ‘उद्या सकाळी दहापर्यंत माहिती भरून पाठवावी’ हा आदेश रात्री येतो.

झोप उशिरा लागते, मध्येच तीनला जाग येते आणि काम पुन्हा हजर होतं. अपुऱ्या झोपेनंतर चिडचिड वाढते, लहानसं बोलणंही लागतं, म्हणजे रात्री चघळायला नवा माल मिळतो. झोप आणि चर्वितचर्वण एकमेकांना असे बिघडवत जातात. ‘दोन पेग घेतले की झोप लागते’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. लागते खरी, पण दारूचा अंमल उतरायला लागला की झोप तुटक होते आणि रात्रीचा उत्तरार्ध वाया जातो. रात्री उशिरा फरसाणाच्या डब्याकडे जाणारा हातही याच खात्यातला. कामाचं चर्वितचर्वण करणारे लोक अरबट-चरबट जास्त खातात, हेही अभ्यासांमध्ये आढळलं आहे.

त्यापुढे हृदयाचा प्रश्न येतो, आणि इथे जपून बोललं पाहिजे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत साधारण १० ते २० टक्के उतरतो. ज्यांचा तो उतरत नाही त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो. फिनलंडमध्ये औद्योगिक कर्मचाऱ्यांचा पंचवीसहून अधिक वर्षं मागोवा घेतला गेला. शनिवार-रविवारच्या सुट्टीतही ज्यांचा कामाचा शीण जात नव्हता, त्यांच्यात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू जास्त झाले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये जाहीर केलेला निष्कर्षही इथे ठेवू: आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त.

याचा अर्थ ‘ऑफिसच्या विचाराने अटॅक येतो’ असा कुणी फॉरवर्ड केला तर तो खोटा समजावा. असले अभ्यास संबंध दाखवतात. तंबाखू, मधुमेह, घराण्यातला हृदयविकार, आर्थिक ओढाताण हे सगळं त्यात मिसळलेलं असतं. चर्वितचर्वण हा एक वाटेकरी आहे. किती मोठा, हे माणसागणिक बदलेल.

‘कामाचा विचार केला नाही तर काम चांगलं कसं होणार?’

आक्षेप रास्त आहे. आंघोळ करताना अडलेलं कोडं सुटल्याचा अनुभव प्रोग्रामरला असतो तसा स्वयंपाक्यालाही असतो. आखणी करणाऱ्यांची झोप चर्वितचर्वण करणाऱ्यांसारखी बिघडलेली सहसा दिसत नाही. कामावरून मन पूर्णपणे उठलेल्या लोकांचं कामही काही फार चांगलं होत नाही. मध्यम सुटका असलेले कर्मचारी सर्वांत बरे काम करतात, असं एका अभ्यासात दिसलं आहे.

पण काम आवडतं म्हणून आपल्याला हे लागू नाही, असं समजणाऱ्यांनी जरा थांबावं. ज्यांचा कामात जीव अडकलेला असतो, त्यांनाच टीका जास्त लागते. शिवाय आखणीलाही कधीतरी संपावं लागतं. रात्री अकरा वाजता एखादी कल्पना सुचणं वेगळं, आणि रोज रात्री अकराला सुचत राहणं वेगळं.

अर्धवट काम पाठ का सोडत नाही?

ब्लूमा झायगार्निक या तरुण संशोधिकेने बर्लिनमध्ये केलेले आणि १९२७ साली छापून आलेले प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहेत. पुरी झालेली कामं लोक विसरतात, अर्धवट राहिलेली मात्र लक्षात राहतात, असा तिचा निष्कर्ष होता. स्मरणशक्तीबद्दलचा हा निष्कर्ष नंतरच्या प्रयोगांमध्ये तितकासा टिकला नाही. व्याख्यानांमध्ये तो अजून बिनधास्त सांगितला जातो, ही गोष्ट वेगळी. पण अर्धवट सोडलेल्या कामाकडे परत जाण्याची ओढ माणसाला असते, हे पुन्हापुन्हा दिसून आलं आहे.

आता ही ओढ शुक्रवारच्या संध्याकाळी लावून पाहा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५९ नोकरदारांना तीन महिने दर आठवड्याला प्रश्न विचारले गेले. आठवड्याअखेर कामं अर्धवट राहिली की त्यांची शनिवार-रविवारची झोप बिघडायची, आणि दोन्हींना जोडणारा धागा चर्वितचर्वणाचा होता.

सगळी कामं पुरी करून घरी जा, हा सल्ला देणाऱ्याने बहुधा नोकरी केलेली नसते. कामं संपत नाहीतच. पण मनाला काम संपलेलं नाही तरी चालतं, पुढे कधी आणि कसं होणार हे ठरलेलं असलं म्हणजे पुरतं. अर्धवट कामाचा ठोस बेत आखला की ते डोक्यात कमी लुडबूड करतं, असं २०११ मधल्या प्रयोगांमध्ये दिसलं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला बसवलं. निम्म्यांनी पुरी केलेली कामं लिहिली, निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी बारकाईने लिहिलेली तितकी झोप लवकर.

तेव्हा ‘रिपोर्ट’ एवढंच लिहून भागत नाही. ‘सोमवारी साडेदहाला अकाउंट्समधून मार्चचे आकडे घ्यायचे, बारापर्यंत तक्ता भरायचा’ असं लिहावं लागतं. माझ्या मते हे अंथरुणात बसून करण्यापेक्षा ऑफिसमधल्या शेवटच्या दहा मिनिटांत केलेलं बरं. घरून काम करणाऱ्यांनी तर नक्कीच. त्यांच्या दिवसात निदान लोकलमध्ये लोंबकळण्याचाही मधला तास उरलेला नाही. आणि अमेरिकेतल्या क्लायंटशी रात्री साडेदहाला कॉल संपवून अकराला आडव्या होणाऱ्या हिंजवडीच्या आयटीवाल्यांना कॉर्टिसॉलचा तो उतार यायला वेळच मिळत नाही.

‘फोन बंद केला की प्रश्न मिटला’

अर्धा मिटतो. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला. आपल्याकडचं विधेयक खासगी आहे, म्हणजे सरकारने मांडलेलं नाही. १९७० नंतर असं एकही विधेयक कायदा झालेलं नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही.

कायद्याची बाजू घेणारा एक अभ्यास मात्र महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या बेल्किन, बेकर आणि कॉनरॉय या संशोधकांना असं दिसलं की प्रत्यक्ष मेल किती येतात यापेक्षा ‘मेल आला तर पाहावा लागेल’ ही अपेक्षाच चिंता वाढवते, आणि ती जोडीदारालाही लागते. म्हणजे रात्री फोन वाजलाच नाही तरी तो वाजेल या तयारीत बसलेला माणूस विश्रांती घेत नसतो. हक्क असला की ही तयारी सोडता येते. अपमानाचं चर्वितचर्वण मात्र फोन विमान मोडवर टाकूनही चालू राहतं. तिथे कायदा पोचत नाही.

‘मग विचार करायचाच नाही, असं ठरवायचं!’

करून बघा. डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये लोकांना ‘पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका’ एवढंच सांगितलं होतं. लोकांना अस्वलच दिसत राहिलं. दाबलेला विचार उसळतो. म्हणून ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य आयुष्यात कुणाच्याही कामी आलेलं नाही.

विचाराची जागा दुसऱ्या कशाने तरी घ्यावी लागते. जर्मनीतल्या साबिने झोनेनटाग आणि त्यांच्या सहकारी शार्लोट फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विश्रांतीचे चार घटक सांगितले: कामापासून मन सुटणं, शरीर सैलावणं, काहीतरी नवं जमवणं आणि हा वेळ माझा आहे, ही जाणीव. तिसरा घटक आपण विसरतो. मालिका बघताना डोकं मोकळं राहतं, त्यामुळे साहेब मध्ये येऊन बसतात. ढोल-ताशा पथकाच्या सरावात टोल चुकवून चालत नाही, भजनात सम गाठावी लागते, बॅडमिंटनमध्ये शटल पडू द्यायचं नसतं. तिथे विचाराला शिरायला फटच मिळत नाही. इस्रायलमधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की राखीव सैन्यातल्या सक्तीच्या सेवेवर गेलेले लोकसुद्धा नोकरीवर कमी थकलेले परतले. सैन्यातली ड्युटी ही काही आरामाची जागा नव्हे, पण ती नोकरीपासून दूर होती.

चौथ्या घटकावर बायका हसतील. घरी आल्यावर स्वयंपाक, अभ्यास, सासऱ्यांची औषधं. ‘हा वेळ माझा’ म्हणायला वेळ कुठला? घरकामाने ऑफिस विसरायला होतं हे खरं, पण एका ड्युटीवर दुसरी ड्युटी हा उतारा नव्हे. बाईच्या पथकाची किंवा भिशीची चेष्टा करणाऱ्या नवऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

आणखी एक गोम झोनेनटाग यांनी दाखवली आहे. ज्या दिवशी ताण सर्वांत जास्त, त्या दिवशी विश्रांतीची गरज सर्वांत मोठी असते, आणि नेमकी त्याच दिवशी ती जमत नाही. थकलेल्या माणसात चप्पल घालून बाहेर पडण्याचीही ताकद उरत नाही. त्यामुळे ‘मन आवरता येत नाही’ असा ठपका कर्मचाऱ्यावर ठेवणं मला पटत नाही. योगाचं एक शिबिर भरवून कंपनी जबाबदारीतून सुटते, हेही नाही.

साहेबांच्या हातात काय असतं?

बरंच काही. शुक्रवारी सात वाजता ‘सोमवारी भेट, बोलायचंय’ एवढाच मेसेज पाठवला तर समोरच्याचे दोन दिवस गेलेच. त्याला ‘पुढच्या महिन्याच्या रजांबद्दल’ हे तीन शब्द जोडले, तर काहीच जात नाही. रात्री सुचलेला मेल लिहून ठेवावा आणि सकाळी नऊला जाईल अशी वेळ लावावी. ती सोय आता बहुतेक मेलमध्ये असते. चूक एकट्याला बोलावून सांगावी. चारचौघांत झालेल्या अपमानाइतकं रात्रभर पुरणारं खाद्य दुसरं नाही. कोणतं काम कोणाचं आणि कधीपर्यंत, हे संध्याकाळी स्पष्ट असलं की निम्मी धास्ती तिथेच कमी होते. यातल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

डॉक्टरकडे कधी जायचं?

आठ-पंधरा दिवस डोक्यात काम घोळणं कुणालाही होतं: मार्चअखेर, ऑडिट, बदलीचे दिवस. पण काही आठवडे रोज झोप मोडत असेल, छातीत धडधडत असेल, रविवारी दुपारपासूनच पोटात गोळा येत असेल, आधी आवडणाऱ्या गोष्टी नकोशा वाटत असतील, तर नेहमीच्या डॉक्टरांना रक्तदाब तपासायला सांगताना हेही सांगावं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची, म्हणजे कामाच्या न सावरलेल्या ताणातून आलेल्या गळाठ्याची, नोंद आपल्या रोगवर्गीकरणात घेतली. त्याला आजार म्हटलेलं नाही, नोकरीशी जोडलेली अवस्था म्हटलं आहे. नैराश्य हा मात्र आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. दोन्ही वरून सारखेच दिसू शकतात, म्हणून निदान स्वतः करू नये. छातीत दुखत असेल तर वाट न पाहता हॉस्पिटल गाठावं. बोलायला कुणी नसेल, तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तिथे मराठीत बोलता येतं.